बोटीच्या ट्रेलरची निळी तार

घाट उतरताना भरलेली बैलगाडी बैलांच्या अंगावर येते, हे गावाकडे वाढलेल्या कुणालाही सांगावे लागत नाही. मागचे ओझे पुढच्याला ढकलते. बोटीच्या ट्रेलरचा 'सर्ज ब्रेक' याच धक्क्यावर चालतो. पुढच्या गाडीने ब्रेक दाबला की मागून येणारा ट्रेलर तिच्यावर रेलतो, जोडणीतला सरकता भाग आत दबतो, त्यामागचा मास्टर सिलिंडर (ब्रेकच्या तेलावर दाब आणणारी नळकांडी) दाबला जातो आणि ब्रेकचे तेल ट्रेलरच्या चाकांकडे धावते. चालकाच्या पायापासून ट्रेलरपर्यंत नळी नाही, तार नाही. धक्का जेवढा जोराचा, तेवढा ब्रेक.

अडचण सुरू होते गाडी मागे घेताना. तेव्हाही जोडणी दबते आणि धक्का तोच असतो. गाडी थांबते आहे की मागे येते आहे, हे सिलिंडरला कळायला मार्ग नाही. तो इमानाने ब्रेक लावतो आणि ट्रेलर जागच्या जागी रुततो. नदीकाठी, तलावाकाठी बोट पाण्यात सोडायला आलेल्या माणसाची इथेच कोंडी होते. या एका कोंडीवर गेली कित्येक दशके उपाय शोधले जात आहेत, आणि सध्याचा उपाय म्हणजे एक निळी तार.

या प्रश्नाची मुळे अमेरिकेत आहेत. ओले एव्हिनरूड यांनी १९०९ मध्ये बोटीच्या मागे अडकवायचे इंजिन बाजारात आणले. बोटीला इंजिन लावणे सामान्य माणसाच्या आवाक्यात आले, तरी बोट पाण्याकाठीच राहायची. दुसऱ्या महायुद्धानंतर फायबरग्लासच्या आणि ॲल्युमिनियमच्या बोटी आल्या, १९५६ च्या कायद्याने देशभर महामार्गांचे जाळे विणायला घेतले, आणि बोट घराच्या अंगणात ठेवून सुट्टीच्या दिवशी गाडीमागे जोडून नेण्याची पद्धत रुळली. हलकी बोट ब्रेकशिवाय ओढता येत होती. बोटी वाढल्या, वजन वाढले, तेव्हा ट्रेलरला स्वतःचा ब्रेक हवा झाला.

तेलावर चालणाऱ्या ब्रेकची विद्या तोवर तयारच होती. माल्कम लॉकहीड यांनी १९१७ मध्ये तिचे पेटंट घेतले होते आणि १९२१ च्या ड्युसेनबर्ग गाडीत चारही चाकांना असे ब्रेक बसले होते. माल वाहणाऱ्या इतर ट्रेलरना विजेचे ब्रेक चालायचे. बोटीचा ट्रेलर मात्र दर खेपेला आसापर्यंत पाण्यात बुडतो, तेही अनेकदा खाऱ्या पाण्यात. चाकासोबत फिरणाऱ्या ब्रेकच्या डब्यातले, म्हणजे ड्रममधले, विद्युतचुंबक आणि तारा तिथे फार टिकत नाहीत. म्हणून बोटवाल्यांनी सर्ज ब्रेक धरून ठेवला, आणि मागे घेण्याची अडचणही त्याच्यासोबत पत्करली.

पहिला उपाय अगदी साधा: एक पिन. मागे घेण्याआधी उतरायचे, जोडणीच्या खाचेत पिन किंवा चपटी किल्ली घालायची, म्हणजे सरकता भाग दबत नाही. बोट सोडली की पिन काढायची. ती काढायला विसरले तर परतीच्या रस्त्यावर ट्रेलरला ब्रेकच नाही, आणि चालकाला त्याचा पत्ताही नाही. माझ्या मते या उपायाचा मोठा दोष हाच होता: चूक झाल्यावर ती दिसत नव्हती.

दुसरा उपाय ड्रमच्या आत झाला. शू, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणारी पट्टी, अशा रीतीने बसवला की पुढे जाताना तो घट्ट पकडतो. चाक उलटे फिरू लागले की ड्रमच त्याला ओढून मागे सरकवतो आणि पकड सुटते. युरोपने हाच रस्ता धरला. तिथे धक्क्याचे ब्रेक सहसा तेलाऐवजी दांडी आणि केबलवर चालतात. ७५० किलोपर्यंतचा ट्रेलर ब्रेकशिवाय चालतो, त्यावर ३,५०० किलोपर्यंत धक्क्याचा ब्रेक चालतो. ब्रिटनमध्ये तर १९८९ पासून नव्या ट्रेलरचे ब्रेक मागे घेताना आपोआप सुटले पाहिजेत असा दंडक आहे. तार नाही, पिन नाही, विसरण्यासारखे काही नाही. मला हा उपाय फार देखणा वाटतो.

अमेरिकेतही असे ड्रम आले. पण खारे पाणी ड्रममध्ये साचते, गंज आतल्या आत खातो. डिस्क ब्रेकमध्ये चाकाबरोबर फिरणारी चकती पकडली जाते; ती उघडी असते, पाणी निथळून जाते, नळाखाली धुता येते. म्हणून बोटींचे ट्रेलर हळूहळू डिस्ककडे वळले. डिस्क मात्र दोन्ही दिशांना सारखीच पकडते. ड्रमला जे कळत होते ते डिस्कला कळेना, आणि पिनपासून सुटलेला माणूस पुन्हा पिनपाशी आला.

तेव्हा वीज मदतीला आली. मास्टर सिलिंडरच्या तोंडाशी १२ व्होल्टची सोलेनॉइड झडप, म्हणजे विजेने बंद होणारी झडप, बसवली. एरवी ती उघडी. गाडी रिव्हर्स गिअरमध्ये टाकली की मागच्या पांढऱ्या दिव्याची वीज तिला मिळते, झडप बंद होते आणि तेल चाकांकडे जात नाही. त्यासाठी गाडीतून ट्रेलरच्या दिव्यांना वीज पुरवणाऱ्या चार पिनांच्या चपट्या कनेक्टरला पाचवी पिन जोडली गेली. पांढरी तार अर्थिंगची, तपकिरी मागच्या दिव्यांची, पिवळी आणि हिरवी डाव्या-उजव्या वळणाची व ब्रेकच्या दिव्यांची, आणि पाचवी निळी, रिव्हर्सची.

घोळ या निळ्या रंगात आहे. मोठ्या गाड्यांच्या सात पिनांच्या सॉकेटमध्ये निळी तार विजेच्या ब्रेकची असते आणि रिव्हर्सची वीज मधल्या पिनेवर येते. सातचे पाच करणारा ॲडॉप्टर घेताना निळ्याला निळी जोडलेली असेल आणि गाडीत ब्रेक कंट्रोलर (ट्रेलरच्या विजेच्या ब्रेकला वीज सोडणारे यंत्र) असेल, तर चालकाने ब्रेक दाबला की झडप बंद होते. म्हणजे ब्रेक हवा त्याच क्षणी ट्रेलरचा ब्रेक सुटतो. याविषयी ट्रेलर घेणाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगायला हवे, इतके ते गंभीर आहे.

व्यावसायिक वाहतुकीत सर्ज ब्रेकला अमेरिकेच्या केंद्रीय नियमांनी बरीच वर्षे थारा दिला नव्हता. मार्च २००७ मध्ये परवानगी मिळाली, तीही वजनाच्या अटीवर: १२,००० पौंडांपर्यंतच्या ट्रेलरची कमाल वजनमर्यादा ओढणाऱ्या गाडीच्या मर्यादेच्या पावणेदोन पटीपर्यंत, आणि त्यापुढे २०,००० पौंडांच्या आतल्या ट्रेलरची सव्वापटीपर्यंत.

गंमत अशी की खऱ्या रॅम्पवर, म्हणजे बोट पाण्यात सोडायच्या उतारावर, हा ब्रेक फारसा आडवा येत नाही. उतारावर ट्रेलर स्वतःच पाण्याकडे ओढ घेतो, जोडणी ताणलेली राहते. म्हणून दिवे वाचवायला रॅम्पच्या माथ्यावर प्लग काढून ठेवणाऱ्यांचेही सहसा निभते. ट्रेलर अडतो तो घरच्या चढावर, खडीवर, ओल्या गवतावर, जिथे त्याला खरोखर मागे रेटावे लागते. ब्रेक लागलेला असतानाच रिव्हर्स टाकला तर काही झडपांत दाब आतच कोंडला जातो. मग हातभर पुढे जाऊन जोडणी मोकळी करायची आणि नंतर मागे यायचे.

तार बरोबर आहे की नाही हे दोन माणसांत पाहता येते. गाडी सपाटीवर, चाकांना दगड लावलेले, इग्निशन चालू, हँडब्रेक ओढलेला. एकाने जोडणीपाशी कान द्यायचा, दुसऱ्याने रिव्हर्स टाकायचा: 'टक्' असा आवाज यायला हवा. मग गिअर न्यूट्रलला आणून ब्रेकचे पेडल दाबायचे. या वेळी आवाज येता कामा नये.