नव्या घरातला कुत्रा आणि अंदाजातली चूक

दत्तक आणलेला कुत्रा चार दिवस पलंगाखालून बाहेर येत नाही, रात्री दोन वाजता मान वर करून रडतो आणि बैठकीच्या खोलीत लघवी करतो, तेव्हा मुंबईच्या सोसायटीत दोन सल्ले हमखास मिळतात. कुत्र्याचे रडणे अशुभ असते, त्याला परत पाठवा, हा पहिला. घरात म्होरक्या कोण ते त्याला एकदा दाखवून द्या, हा दुसरा. पहिला सल्ला निव्वळ अंधश्रद्धा आहे. सोबतीपासून तुटलेला कुत्रा लांबच्या सोबत्यांना साद घालत असतो, त्याला कोणाच्याही मरणाची चाहूल लागलेली नसते. दुसरा विज्ञानाचा वेष घेऊन येतो, म्हणून अधिक घातक आहे. १९४७ मध्ये प्राणिवर्तनाचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांवरून वर्चस्वाच्या झगड्याचे चित्र मांडले आणि १९७० मध्ये लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांच्या पुस्तकाने ते घरोघरी नेले; लांडग्यांचे हे चित्र मग कुत्र्यांनाही चिकटवले गेले. त्याच मीच यांनी १९९९ मध्ये लिहिले, की जंगलातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्ले असतात आणि तिथे ‘अल्फा’, म्हणजे झगडून झालेला म्होरक्या, हा शब्द फारसा लागू पडत नाही.

गेल्या पावसाळ्यात आमच्या दादरच्या सातव्या मजल्यावरच्या घरात एक गावठी कुत्री आली. कुकरची शिट्टी झाली की ती भिंतीला अंग चिकटवून थरथरत असे आणि तिच्या पंजांचे ओले ठसे लादीवर उमटत. शिट्टीनंतर काय होते, लिफ्टचे दार का आपटते, सकाळी आठला येणाऱ्या कामवाल्या मावशी कोण, यांपैकी कशाचाच तिला अंदाज नव्हता. अंदाज न बांधता येणे हा मेंदूवरचा स्वतंत्र ताण असतो. अशा वेळी मेंदूतला हायपोथॅलॅमस हा भाग पियुषिका ग्रंथीला आणि ती मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींना संदेश देते, रक्तात कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक वाढते, भूक मंदावते आणि झोप तुटक होते. म्हणून पहिल्या आठवड्यात पाहुणे, आंघोळ आणि शिकवणी टाळून एक ठरलेला कोपरा आणि ठरलेल्या वेळा तेवढ्या द्याव्यात.

हा अंदाज मेंदूत घडतो कसा, हे मला सर्वांत विलक्षण वाटते. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या, डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशींचे विद्युत ठोके मोजले. अनपेक्षित फळांचा रस मिळाला की या पेशी जोराने ठोके देत. रसाच्या आधी दर वेळी दिवा लागू लागल्यावर ठोके दिव्यावर सरकले आणि रस मिळताना पेशी नेहमीच्याच गतीने चालू राहिल्या. दिवा लागून रस आलाच नाही, तर ज्या क्षणी तो यायला हवा होता नेमक्या त्या क्षणी ठोके नेहमीपेक्षाही खाली गेले. मेंदू मोजतो ते मिळालेले आणि अपेक्षिलेले यांतले अंतर. शिकणे त्या अंतरावर चालते. रेस्कोर्ला आणि वॅग्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९७२ मध्येच हे गणितात मांडले होते: अपेक्षेतला बदल या अंतराच्या प्रमाणात असतो आणि अंतर काढताना त्या क्षणी हजर असलेल्या सगळ्या खुणांच्या अपेक्षांची बेरीज धरली जाते. या बेरजेतून मानसशास्त्रज्ञ लिऑन कॅमिन यांच्या प्रयोगातल्या उंदरांचे कोडे सुटते. आवाजानंतर विजेचा झटका बसतो हे आधीच शिकलेल्या उंदरांना पुढे आवाज आणि प्रकाश एकत्र दिले, तर प्रकाशाबद्दल ते जवळजवळ काहीच शिकत नाहीत, कारण आवाजानेच सगळे सांगून टाकलेले असते आणि अंतर शून्य उरते.

घरात नेमके हेच घडते. बिस्किटाचा हात आधी पुढे आला आणि ‘बस’ हा शब्द नंतर, तर कुत्रा हात वाचतो आणि शब्द वाया जातो. आधी शब्द, मग क्षणभर थांबणे, मग हात, हा क्रम पाळावा. ‘ये’ म्हणून बोलावून औषध पाजले, तर त्या शब्दाची किंमत उतरते.

शी-लघवीच्या सवयीचेही तसेच आहे. जेवणाने पोट ताणले की मोठ्या आतड्याची हालचाल वाढते, म्हणून जेवणानंतर आणि झोपेतून उठल्यावर लगेच खाली न्यावे. बिस्कीट खिशात ठेवून खाली, त्याच जागी, काम उरकताच द्यावे. वर आल्यावर दिले, तर कुत्र्याच्या हिशेबात ते घराच्या दाराच्या नावावर जमा होते. घरात चूक झालीच, तर फिनेलने वास झाकण्यापेक्षा लघवीतले घटक फोडणारे विकरयुक्त (एन्झाइमचे) द्रावण वापरावे. तासाभराने ओरडून काहीही साधत नाही. ‘बघा, त्याला कळले आहे’ असे म्हणायला लावणारा तो खाली घातलेला चेहरा कुत्र्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये तपासला, तेव्हा तो कुत्र्याच्या अपराधाशी जुळला नाही, मालकाच्या रागावण्याशी जुळला.

एकटे राहण्याची भीतीसुद्धा अंदाजावरच उभी असते. किल्ल्या वाजल्या की माणूस जातो, हे कुत्रा लवकरच ताडतो. आम्ही दिवसातून दहाबारा वेळा किल्ल्या उचलून पुन्हा खुर्चीत बसू लागलो, नंतर दाराबाहेर अर्धा मिनिट, मग पाच मिनिटे. सहाव्या आठवड्यात किल्ल्या वाजल्यावर तिने एक कान फिरवला आणि हनुवटी पायपुसण्यावरून उचललीसुद्धा नाही.