एलिझाबेथ शार्लट, ऑर्लेआंची डचेस : कौटुंबिक जीवन

एलिझाबेथ शार्लट (२७ मे १६५२–८ डिसेंबर १७२२) ही फ्रान्सचा राजा चौदावा लुई याचा धाकटा भाऊ फिलिप, ड्यूक ऑफ ऑर्लेआं (१६४०–१७०१) याची दुसरी पत्नी. तिचा जन्म जर्मनीतील हायडेलबर्ग येथे व मृत्यू पॅरिसजवळील सँ-क्लू येथे झाला. माहेरी तिला लिझेलॉटे म्हणत. फ्रेंच दरबारात राजाच्या पाठच्या भावाचा उल्लेख नुसता ‘मस्य’ आणि त्याच्या पत्नीचा नुसता ‘मादाम’ असा करण्याचा रिवाज होता, त्यामुळे समकालीन कागदपत्रांत ती बहुधा मादाम याच नावाने आढळते. सतराव्या शतकातील राजकुलातील स्त्रीचे घरगुती जीवन इतक्या तपशिलाने क्वचितच समजते. तिच्या बाबतीत ते समजते याचे कारण तिची पत्रे होत. तिने आयुष्यभरात साठ हजारांच्या आसपास पत्रे लिहिली असावीत, असे सामान्यतः मानले जाते. हा आकडा उरलेल्या पत्रांवरून बांधलेला अंदाज आहे. प्रत्यक्षात पाच ते सहा हजार पत्रे शिल्लक असून त्यांतील बहुसंख्य जर्मन भाषेत आहेत.

तिचे माहेर दुभंगलेले होते. वडील कार्ल लुडविग (१६१७–१६८०) याला तीस वर्षांच्या युद्धानंतर वेस्टफालियाच्या तहान्वये (१६४८) ऱ्हाइनकाठच्या पॅलाटिनेट संस्थानाचे इलेक्टरपद (पवित्र रोमन सम्राट निवडण्याचा हक्क असलेले राजपद) परत मिळाले. १६५० मध्ये त्याने हेसे-कासेलच्या शार्लटशी विवाह केला. कार्ल (१६५१–१६८५) आणि लिझेलॉटे या दोन अपत्यांनंतर पतिपत्नींत कायमचा बेबनाव झाला. शार्लटच्याच तैनातीतील लुईझ फॉन डेगेनफेल्ड हिच्याशी इलेक्टरने जानेवारी १६५८ मध्ये लग्न लावले. पहिली पत्नी तेव्हा हयात होती, त्याच राजवाड्यात राहत होती आणि तिने घटस्फोट कधीही मान्य केला नाही.

या दुसऱ्या विवाहाच्या वैधतेविषयी मतभेद आहेत. प्रोटेस्टंट राज्यकर्ता हा आपल्या मुलखातील चर्चचाही प्रमुख असल्याने विवाह मोडण्याचा निर्णय त्याच्या अधिकारात येतो, ही इलेक्टरच्या बाजूची मांडणी. स्वतःच्याच दाव्यात स्वतःच निवाडा देणारा न्यायाधीश ग्राह्य कसा धरावा, हा त्यावरील आक्षेप. आक्षेप सबळ वाटतो. तरी व्यवहारात निर्णायक ठरली ती दुसरीच बाब. हा विवाह मॉर्गेनॅटिक प्रकारचा होता, म्हणजे पत्नीला पतीचा दर्जा नाही आणि मुलांना गादीचा वारसा नाही. लुईझला तेरा अपत्ये झाली. त्यांच्यासाठी १६६७ मध्ये ‘राउग्राफ’ हा जुना किताब पुन्हा चालू करण्यात आला, पण वारसाहक्क त्याबरोबर आला नाही. त्यामुळे १६८५ मध्ये कार्ल निपुत्रिक वारला तेव्हा सावत्र भाऊ हयात असूनही पॅलाटिनेटची सिमर्न शाखा खुंटली, आणि वडिलांच्या या घरगुती तोडग्याची किंमत पुढे लिझेलॉटेला व तिच्या मायभूमीला मोजावी लागली.

आईवडिलांच्या भांडणापासून दूर ठेवण्यासाठी सातव्या वर्षी, १६५९ मध्ये, तिची रवानगी हॅनोव्हरला आत्या सोफी (१६३०–१७१४) हिच्याकडे झाली. तिथली चार वर्षे तिने आयुष्यातील सर्वांत सुखाची मानली. सोफी तिला आईच्या ठिकाणी राहिली आणि शिक्षिका आना काथारिना फॉन ओफन, विवाहानंतरची फ्राउ फॉन हार्लिंग, हिच्याशीही तिचा जिव्हाळा अखेरपर्यंत टिकला. १६६३ मध्ये ती हायडेलबर्गला परतली तोवर आईने राजवाडा सोडून कासेल गाठले होते. सावत्र आईच्या मुलांवर राग धरण्याला तिला पुरेसे कारण होते. तिने तो धरला नाही. थोरला सावत्र भाऊ कार्ल लुडविग, तिचा ‘कार्ललुत्स’, हा तिचा विशेष लाडका होता, आणि सावत्र बहिणी लुईझ व अमाली एलिझाबेथ यांच्याशी तिचा पत्रव्यवहार अनेक दशके चालला.

विवाह १६७१ मध्ये ठरला. फिलिपची पहिली पत्नी, इंग्लंडची हेन्रिएटा, ३० जून १६७० रोजी अचानक वारली होती. तिच्यावर विषप्रयोग झाल्याची अफवा तेव्हाच उठली व लिझेलॉटेने ती आयुष्यभर खरी मानली. एकोणिसाव्या शतकात फ्रेंच विद्वान एमिल लित्रे याने शवविच्छेदनाच्या नोंदींवरून जठरातील व्रण फुटल्याचे निदान मांडले. नैसर्गिक मृत्यूचा हा पक्ष आता अधिक ग्राह्य मानला जातो. नव्या सोयरिकीची मध्यस्थी लिझेलॉटेची चुलती आना गोन्झागा हिने केली. फ्रान्ससारख्या बलाढ्य शेजाऱ्याशी नाते जुळल्यास पॅलाटिनेट सुरक्षित राहील, असा कार्ल लुडविगचा हिशेब होता. अडचण धर्माची होती. राजाच्या भावाची पत्नी कॅथलिक असणे आवश्यक, आणि इलेक्टर तर प्रोटेस्टंटांतील कॅल्व्हिनपंथाचा राज्यकर्ता. तेव्हा मुलीला फ्रेंच विद्वान उर्बें शव्ह्रो याच्याकडून गुपचूप धर्मशिक्षण देण्यात आले, मेत्स येथे तिने पंथांतर केले आणि वडिलांनी आपल्याला काहीच ठाऊक नसल्याचा आव आणला. १६ नोव्हेंबर १६७१ रोजी मेत्सच्या कॅथीड्रलमध्ये विवाह झाला तो नवऱ्याच्या प्रतिनिधीबरोबर. खुद्द नवऱ्याची भेट त्यानंतर शालों येथे झाली. पुढे व्हर्सायमध्येही ती जर्मन बायबल नेमाने वाचत असे.

फिलिपचा ओढा पुरुषांकडे होता आणि त्याच्या घरात शव्हालिए द लॉरेन व मार्क्विस देफिया या मर्जीतल्या लोकांचा वरचष्मा होता. तरीही विवाहाची सुरुवातीची वर्षे बरी गेली. हेन्रिएटाच्या दोन मुली, मारी लुईझ (१६६२–१६८९) व आन मारी (१६६९–१७२८), सावत्र आईच्या मायेत वाढल्या; थोरलीशी तर तिचे नाते वयातील जेमतेम दहा वर्षांच्या अंतरामुळे बहिणीसारखे होते. मारी लुईझ १६७९ मध्ये स्पेनची राणी झाली. त्या विवाहाच्या निमित्ताने सोफी फ्रान्सला आली आणि दुसरी आत्या लुईझ हॉलंडाइन ज्या मोबुइसोंच्या मठाची प्रमुख होती, तेथे आत्या-भाचीची भेट झाली.

लिझेलॉटेला तीन अपत्ये झाली : अलेक्सांद्र लुई (१६७३–१६७६), फिलिप (१६७४–१७२३) आणि एलिझाबेथ शार्लट (१६७६–१७४४). थोरला मुलगा तीन वर्षांचा होण्यापूर्वीच, मार्च १६७६ मध्ये, दगावला. शीर कापून रक्त काढणे व वारंवार रेचक देणे या पॅरिसच्या वैद्यांच्या उपचारांवर तिचा आधीच विश्वास नव्हता. मुलाच्या मृत्यूचा दोष तिने त्यांनाच दिला. अतिदुःखाने माणूस मरत नसावे, नाहीतर आपण नक्कीच मेलो असतो, अशा आशयाचे वाक्य तिने फ्राउ फॉन हार्लिंगला लिहिले आहे. त्या वेळी मुलगी तिच्या पोटात होती. राजघराण्यात मुले दाया आणि गव्हर्नेस यांच्या स्वाधीन असत, म्हणून आईबापांना त्यांच्याविषयी फारसे वाटत नसे, हे सरसकट विधान निदान या घराला लागू पडत नाही.

मुलीच्या जन्मानंतर पतिपत्नींनी परस्परसंमतीने वेगळ्या शय्या केल्या. तिला याचे वाईट वाटले नाही. झोपेत कोणाचा स्पर्श झालेला फिलिपला खपत नसे. त्यामुळे आपण पलंगाच्या अगदी काठावर अंग चोरून झोपत असू आणि कधीकधी खाली पडत असू, असे तिने नंतरच्या एका पत्रात लिहिले आहे. असे तपशील चरित्रकारांना मोहवतात, परंतु ते घटनेनंतर बऱ्याच वर्षांनी लिहिलेले आहेत हे लक्षात ठेवले पाहिजे. १६८० नंतर मात्र घर खरोखरच विस्कटले. मर्जीतल्या मंडळींनी तिच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवले. १६८२ च्या सुमारास तिने मोबुइसोंच्या मठात जाण्याची परवानगी मागितली, ती राजाने नाकारली. १६८९ मध्ये मुलाचा गव्हर्नर (संगोपन व शिक्षण पाहणारा अधिकारी) म्हणून देफियाला नेमण्याचा घाट घातला गेला तेव्हा ती थेट राजाकडे गेली व ती नेमणूक तिने टाळली. मुलाच्या संगोपनातील हा तिचा सर्वांत ठळक विजय होय.

भावाच्या मृत्यूनंतर उभा राहिलेला पॅलाटिनेटच्या वारशाचा प्रश्न अनेक चरित्रांत एका वाक्यात आटोपलेला असतो. लुईने भावजयीच्या नावाने पॅलाटिनेट मागितले, असे तेथे म्हटलेले आढळते. ते तितकेसे बरोबर नाही. विवाहकरारात तिने संस्थानावरील हक्क सोडला होता. फ्रान्सचा दावा उभा होता तो दोन प्रकारच्या मालमत्तेत भेद करून : पवित्र रोमन साम्राज्याकडून मिळालेला सरंजामी मुलूख एकीकडे, आणि घराण्याची खाजगी मिळकत दुसरीकडे. पहिल्यावर मुलीचा हक्क चालत नव्हता, तो त्याच वंशाच्या नॉयबुर्ग शाखेकडे जाणे क्रमप्राप्त होते. दुसरीत राजवाड्यातील जंगम वस्तू तर आल्याच, पण सिमर्न व लाउटर्न यांसारखे काही प्रदेशही येतात, असे फ्रेंच वकिलांचे म्हणणे होते. कोणता गाव सरंजामी आणि कोणता खाजगी, हे ठरवण्यास जुनी दफ्तरे अपुरी होती व दोन्ही पक्ष त्यांचा अर्थ आपापल्या सोयीने लावीत. दाव्यात कायद्याचा काही अंश होता, पण १६८८ मध्ये ऱ्हाइनवर सैन्य गेले ते त्या अंशापोटी नव्हे, हे मत अधिक संयुक्तिक वाटते. लुईला जर्मनीतील सीमा पक्की करायची होती व भावजयीचा वारसा हे सोयीचे निमित्त होते.

१६८९ मध्ये मानहाइम जमीनदोस्त झाले, हायडेलबर्गची नासधूस झाली आणि १६९३ मध्ये ते पुन्हा उद्ध्वस्त करण्यात आले. आपल्या नावाने आपलेच जन्मगाव जाळले जात आहे, हे दुःख तिच्या त्या वर्षांच्या पत्रांत वारंवार येते. रात्री डोळा लागताच आपण मानहाइमच्या अवशेषांत उभ्या आहोत असे वाटून दचकून जाग येते, असे ती लिहिते. युद्ध १६९७ मध्ये राइस्वाइकच्या तहाने संपले. वारशाचा वाद लवादाकडे गेला व १७०२ मध्ये पोपने तो रोख रकमेवर मिटवला. तिला स्वतःला या सर्वांतून फारसे काही मिळाले नाही; माहेरून आलेल्या चीजवस्तू फिलिपने विकून मर्जीतल्यांवर उधळल्या, ही तिची तक्रार होती.

मुलाचा विवाह हा तिच्या कौटुंबिक जीवनातील सर्वाधिक गाजलेला प्रसंग. राजाला आपली व आपली प्रेयसी मादाम द माँतेस्पां हिची औरस ठरवून घेतलेली मुलगी फ्रांस्वाझ मारी (१६७७–१७४९) पुतण्याला द्यायची होती. जर्मन राजकुलांत दोन्हीकडच्या पूर्वजांची निर्मळ वंशावळ हीच प्रतिष्ठा असे, आणि लिझेलॉटे त्या संस्कारांत वाढलेली. नवऱ्याने व मुलाने होकार दिला, तिचे काही चालले नाही. होकारानंतर हात चुंबायला आलेल्या मुलाला तिने व्हर्सायच्या दालनात सर्वांसमक्ष थोबाडीत मारली, ही हकिकत ड्यूक द सँ-सिमोंच्या आठवणींतून आली आहे. तो त्या काळी दरबारात होता, पण त्याने आठवणींना अंतिम रूप दिले ते अर्धशतकानंतर. तिचा संताप निर्विवाद आहे. थोबाडीत मारल्याचा तपशील त्याच्या हवाल्यानेच स्वीकारावा, हे बरे. विवाह १८ फेब्रुवारी १६९२ रोजी झाला.

८ जून १७०१ रोजी मार्ली येथे मुलाच्या वागणुकीवरून फिलिप व राजा यांच्यात कडाक्याचे भांडण झाले आणि दुसऱ्याच दिवशी फिलिप सँ-क्लू येथे पक्षाघाताने वारला. वैधव्यात आपली मठात रवानगी होईल, ही तिची पहिली भीती होती. तसे झाले नाही. मात्र राजाची गुप्त पत्नी मादाम द मँत्नों हिच्याविषयी तिने पत्रांत लिहिलेली कठोर वचने टपालात उघडून वाचली गेली होती व ती तिच्यासमोर ठेवण्यात आली. माफी मागून तिने दरबारातील स्थान राखले. पतीच्या पेट्यांत सापडलेली मर्जीतल्यांची पत्रे तिने न वाचता जाळली. शेवटच्या वर्षांत पतिपत्नींचा समेट झाला होता, तेव्हा तिचे हे कृत्य केवळ अब्रू राखण्यासाठी नसावे.

१७१५ मध्ये लुईच्या मृत्यूनंतर मुलगा बालराजा पंधराव्या लुईचा रीजेंट (राजाच्या वतीने कारभार पाहणारा) झाला व ती दरबारातील पहिली स्त्री ठरली. राज्यकारभारात तिने लक्ष घातले नाही. सुनेशी तिचे कधी पटले नाही, नातवंडांपैकी डचेस ऑफ बेरी (१६९५–१७१९) हिच्या वागणुकीने ती व्यथित असे व तिच्या अकाली मृत्यूने हळहळली. मुलगी एलिझाबेथ शार्लट १६९८ मध्ये लॉरेनचा ड्यूक लिओपोल्ड याला दिली होती. मे १७११ मध्ये तिची तीन मुले देवीच्या साथीत सुमारे आठवड्याभरात गेली. वाचलेल्यांपैकी फ्रान्सिस पुढे पवित्र रोमन सम्राट व मारिया तेरेसाचा पती झाला. मायलेकींची शेवटची भेट ऑक्टोबर १७२२ मध्ये रँस येथे पंधराव्या लुईच्या राज्याभिषेकप्रसंगी झाली. त्यानंतर सहा आठवड्यांत लिझेलॉटे वारली व तिला फ्रेंच राजघराण्याचे दफनस्थान असलेल्या सँ-दनी येथे पुरण्यात आले.

पत्रलेखन हाच तिच्या विखुरलेल्या कुटुंबाचा आधार होता. कोणत्या वारी कोणाला लिहायचे हे ठरलेले असे आणि सोफीला जाणारे पत्र कधीकधी वीस पानांपलीकडे जाई. एकोणिसाव्या शतकात जर्मन इतिहासकार रांके याने तिच्या पत्रांचा इतिहासलेखनात उपयोग केला. त्यानंतर होलांट याने सावत्र बहिणींना लिहिलेली व बोडेमान याने सोफीला लिहिलेली पत्रे संपादित केली, त्यामुळे हॅनोव्हरकडचे नाते सर्वाधिक उजेडात आले आहे. याउलट मुलीला लिहिलेली बहुतेक पत्रे जानेवारी १७१९ मध्ये लॉरेनच्या ड्यूकच्या ल्युनेव्हिल येथील राजवाड्याला लागलेल्या आगीत नष्ट झाली. विवाहापासून त्या आगीपर्यंतच्या वीस वर्षांतील मायलेकींचे नाते म्हणून मुख्यतः आत्येला आणि सावत्र बहिणींना लिहिलेल्या मजकुरातूनच जुळवावे लागते.