फुली का सरकते? बंदुकीवरच्या दुर्बिणीची निवड आणि पराशय

गेल्या महिन्यात एकाच आठवड्यात दोन ठिकाणांहून मला जवळपास एकच प्रश्न विचारला गेला. पहिला आला अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातून. तिथे स्थायिक झालेल्या माझ्या मावसबहिणीच्या १४ वर्षांच्या मुलाने व्हिडिओ कॉलवर विचारले, "मामा, माझ्या रायफलीला कोणता स्कोप घेऊ? मित्र म्हणतात, जितका झूम जास्त तितका चांगला." दुसरा आला आमच्या जुळे सोलापुरातूनच. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या मुलाने पॅरिसमध्ये २०२४ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवल्यापासून एअर रायफलचा ध्यास घेतला आहे. बापाने हौसेने ऑनलाइन स्कोप मागवून दिला, आणि आता तोच बाप तक्रार करत होता, "सर, चोवीस पट मोठे दिसते, तरी पोराचे छर्रे कुठेही जातात."

दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच गैरसमज आहे. बंदुकीवरची दुर्बीण ही लांबचे मोठे करून दाखवण्यासाठी असते, म्हणून जी जास्त मोठे करते ती जास्त चांगली, असे बहुतेकांना वाटते. वास्तविक मोठे करणे हे तिचे दुय्यम काम आहे. लक्ष्य आणि नेमाची खूण (फुली) या दोन गोष्टी डोळ्याला एकाच वेळी, एकाच अंतरावर, एकाच पृष्ठावर असल्यासारख्या दाखवणे हे तिचे मुख्य काम आहे, आणि स्वस्तातली दुर्बीण नेमकी तिथेच फसवते.

पुढे जाण्यापूर्वी एक खुलासा करतो. विस्कॉन्सिनमध्ये नोव्हेंबरात नऊ दिवस बंदुकीने हरणाची शिकार करण्याचा कायदेशीर हंगाम असतो. त्यासाठी परवाना लागतो, अंगावर भडक रंगाचे कपडे घालावे लागतात, आणि १ जानेवारी १९७३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला परवान्याआधी शिकारीच्या सुरक्षिततेचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. भाच्याने तो केला आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा विषय संपला आहे. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावर काळविटांचे कळप अगदी जवळून दिसतात ते या कायद्यामुळेच. तिथे नेमाच्या दुर्बिणीचे काही काम नाही, पाहायला साधी दुर्बीण पुरे. सोलापूरच्या मुलाचा नेम कागदी लक्ष्यावरच आहे.

आता मूळ गोष्ट. शाळेत आपण दोन प्रकारच्या दुर्बिणी शिकतो. गॅलिलिओच्या दुर्बिणीत डोळ्याकडचे भिंग अंतर्वक्र असते, त्यामुळे प्रतिमा सुलटी दिसते, पण नळीच्या आत कुठेही खरी प्रतिमा तयार होत नाही. केप्लरने १६११ मध्ये सुचवलेल्या दुर्बिणीत दोन्ही भिंगे बहिर्वक्र असतात. तिच्यात प्रतिमा उलटी दिसते, परंतु नळीच्या आत एका विशिष्ट जागी लक्ष्याची खरीखुरी, पडद्यावर घेता येईल अशी प्रतिमा तयार होते. या जागेचे महत्त्व आधी कोणाच्या ध्यानात आले नव्हते. साधारण १६४० च्या सुमारास विल्यम गॅस्कॉइन या तरुण इंग्रज खगोलनिरीक्षकाच्या दुर्बिणीत एका कोळ्याने धागा ताणला, आणि तो योगायोगाने बरोबर त्या प्रतिमेच्या जागी आला. गॅस्कॉइनने डोळा लावला तर दूरच्या दृश्याबरोबर तो धागाही त्याला तितकाच स्पष्ट दिसला. त्यातून त्याने दुर्बिणीत नेमाच्या तारा बसवल्या. पुढे १६४४ मध्ये इंग्लंडच्या यादवी युद्धात, मार्स्टन मूरच्या लढाईत, तो मारला गेला. आजच्या प्रत्येक स्कोपमधली फुली ही त्या कोळ्याच्या धाग्याची वंशज आहे.

त्या धाग्याच्या जागेवरच सगळा खेळ आहे. लक्ष्य दूर असेल तर वस्तुभिंगाने, म्हणजे लक्ष्याकडच्या भिंगाने, तयार केलेली प्रतिमा नाभीच्या जवळ पडते आणि लक्ष्य जवळ आले की प्रतिमा किंचित मागे सरकते. फुली मात्र नळीत एका जागी कायम बसवलेली असते. म्हणजे एका ठरावीक अंतरावरच्या लक्ष्याची प्रतिमाच फुलीच्या अचूक पृष्ठावर पडेल आणि इतर अंतरांवरच्या लक्ष्यांची प्रतिमा तिच्या थोडी पुढे किंवा थोडी मागे पडेल. दोन गोष्टी वेगवेगळ्या अंतरावर असल्या, की डोळा बाजूला हलवताच त्या एकमेकींवरून सरकल्यासारख्या दिसतात. हात लांब करून अंगठा समोरच्या खांबावर धरा आणि आधी एक, मग दुसरा डोळा मिटा. अंगठा खांबावरून उडी मारतो. यालाच पराशय म्हणतात, आणि दुकानात याला पॅरलॅक्स म्हणतात.

हा सरकाव किती असेल, ते काढता येते. फुलीची प्रतिमा उलट वस्तुभिंगातून बाहेर काढली, तर ती समोर एका अंतरावर पडते. त्या अंतराला प असे म्हणू. डोळा नळीच्या मध्यावर नसून अगदी कडेला असेल, तर तो वस्तुभिंगाच्या कडेतून जाणाऱ्या किरणाने फुली पाहतो. हा किरण कडेपासून निघून प अंतरावर अक्षाला छेदतो. त्यामुळे ल अंतरावरच्या लक्ष्यावर तो अक्षापासून जितका दूर असेल, तितकी नेमाची कमाल चूक. समरूप त्रिकोणांवरून ती येते: वस्तुभिंगाची त्रिज्या गुणिले (प वजा ल) भागिले प. वजाबाकीचे चिन्ह येथे महत्त्वाचे नाही, फक्त आकडा घ्यावा. या सूत्रात झूमचा कुठेही उल्लेख नाही, हे वाचकांनी मुद्दाम पाहावे. चोवीस पट झूमने लक्ष्य मोठे होते आणि चूकही तितकीच मोठी होऊन दिसते, कमी मात्र होत नाही.

या सूत्रात सोलापूरच्या मुलाचा स्कोप घालू. त्याचे वस्तुभिंग ५० मिलिमीटरचे, म्हणजे त्रिज्या २५. मोठ्या रायफलीसाठीचे बहुतेक स्कोप १०० यार्डांवर, म्हणजे सुमारे ९१ मीटरवर जुळवलेले असतात, आणि हाही तसाच होता. एअर रायफलचे लक्ष्य १० मीटरवर. उत्तर येते सुमारे २२ मिलिमीटर. आणि १० मीटरच्या कागदी लक्ष्याचे सर्वांत बाहेरचे वर्तुळ ४५.५ मिलिमीटर व्यासाचे असते. म्हणजे त्याची त्रिज्या २२.७५! पोराचा गाल दर वेळी बटावर (बंदुकीच्या मागच्या दस्त्यावर) थोडा वेगळा टेकला, तर नेम बरोबर दिसत असतानाही छर्रा लक्ष्याच्या जवळजवळ कडेपर्यंत भरकटू शकतो. मधला दहा गुणांचा ठिपका तर अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा असतो.

बापाला हे सूत्र पटले नाही, म्हणून आम्ही स्कोप रायफलीवरून काढून गच्चीवर नेला. समोरच्या इमारतीच्या दोरीवर, साधारण ३० मीटरवर, शेजारणीची सोलापुरी चादर वाळत होती. स्कोप गव्हाच्या पोत्यावर घट्ट बसवला, झूम सर्वांत कमी केला आणि फुली चादरीच्या एका लाल पट्टीच्या काठावर आणली. मग स्कोपला हात न लावता डोके हळूहळू डावीकडून उजवीकडे न्यायला सांगितले. फुली लाल पट्टीचा काठ सोडून शेजारच्या चौकड्यांवर गेली आणि डोके परत आणताच परत आली. बाप दोन मिनिटे डोके हलवत राहिला. सूत्रानुसार या अंतरावर एका बाजूला १७ मिलिमीटर, म्हणजे एकूण सव्वातीन सेंटिमीटरांहून थोडे अधिक अंतर होते. मोजायला पट्टी लागली नाही, चादरीच्या नक्षीनेच काम भागवले.

एअर रायफलसाठी घ्यायचाच असेल, तर पॅरलॅक्स १० मीटरपर्यंत जुळवता येईल असा, वस्तुभिंगावर किंवा बाजूला चक्री असलेला स्कोप घ्यावा. स्प्रिंगच्या एअर रायफलीत आणखी एक खोच आहे. आतला दट्ट्या पुढे झेपावतो तेव्हा बंदूक मागे सरकते, आणि दट्ट्या हवेच्या उशीवर थांबतो तेव्हा ती झटक्याने पुढे जाते. मोठ्या रायफलीचा धक्का मुख्यतः मागच्याच दिशेचा असतो. त्यामुळे तिच्यासाठी बनवलेले अनेक चांगले स्कोपसुद्धा या दुहेरी हिसक्याने आतून ढिले होतात. म्हणूनच "स्प्रिंग एअर रायफलसाठी योग्य" असे स्पष्ट लिहिलेले पाहावे. आणि एक गोष्ट बापाच्या लक्षात आलीच नव्हती: पोराला १० मीटर एअर रायफलच्या स्पर्धेत उतरायचे आहे, आणि त्या प्रकारात दुर्बीण चालतच नाही. तिथे छिद्रातून पाहण्याची साधी साइट असते.

या मुलाच्या स्कोपच्या नळीवर घरातल्या कोणी काळा दोरा बांधला होता. नेम चुकतो म्हणजे नजर लागली असणार, असा तर्क. दोरा मी काढला नाही, पण त्याच्याखालच्या पकडीचे चारही स्क्रू बोटाने फिरले. ते साधारण २ न्यूटन-मीटर एवढ्याच बळाने आवळायचे असतात, जास्त आवळले तर नळी चेपते. स्क्रू आवळल्यावर नजर बरीच उतरली. याच पंगतीत "स्नायपर लेन्स" आणि "मिलिटरी ग्रेड" अशा जाहिरातीही बसतात. त्या शब्दांचे कोणतेही माप नाही.

आता विस्कॉन्सिनकडे वळू. ज्या पराशयाबद्दल मी इतका वेळ लिहिले, तो भाच्याच्या बाबतीत फारसा महत्त्वाचा नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. ४० मिलिमीटरचे वस्तुभिंग, ९१ मीटरवर जुळवणी आणि १८० मीटरवर हरीण, असे धरले तरी कमाल चूक सुमारे २० मिलिमीटर येते. हरणाचे हृदय आणि फुप्फुसे मिळून जो भाग होतो, तो साधारण २० सेंटिमीटरांचा असतो. त्यामुळे त्याला पॅरलॅक्सची चक्री नको, २–७ किंवा ३–९ पटीचा साधा स्कोप पुरे. जंगलात लक्ष्य शोधावे लागते, आणि झूम वाढला की दृष्टिक्षेत्र आकसते.

शिकारीचा काळ पहाटे आणि संध्याकाळी असतो, म्हणून प्रकाश महत्त्वाचा. वस्तुभिंगाच्या व्यासाला झूमने भागले, की डोळ्याकडे बाहेर येणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. ४० मिलिमीटरला ९ पटीवर ती ४.४ मिलिमीटर आणि ५ पटीवर ८ मिलिमीटर असते. तरुण डोळ्याची बाहुली अंधारात सुमारे ७ मिलिमीटरांपर्यंत उघडते, त्यामुळे संधिप्रकाशात झूम कमी ठेवला तर चित्र अधिक उजळ दिसते, आणि डोके जरा हलले तरी ते काळे पडत नाही. यासाठी मोठे भिंग विकत घेण्यापेक्षा भिंगांवरचा लेप पाहावा. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होतो. दहा पृष्ठे असली तर दुसऱ्या टोकाला जेमतेम ६६ टक्के उरतो. बहुस्तरीय लेपाने हे नुकसान पृष्ठामागे अर्ध्या टक्क्यावर आणता येते, मग ९५ टक्के पोचतो. १८८६ मध्ये लॉर्ड रॅलीने पाहिले, की जुनी, डागळलेली काच नव्या काचेपेक्षा जास्त प्रकाश पुढे जाऊ देते. त्या डागाचा मुद्दाम केलेला अवतार म्हणजे लेप, आणि तो १९३५ मध्ये झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुलाने तयार केला.

मुलाच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचे माप मात्र डोळा आणि नेत्रभिंग यांच्यातल्या अंतराचे. ते साधारण ९ ते १० सेंटिमीटर असावे. मोठ्यांच्या बंदुकीचा बट मुलाच्या हाताला लांब पडतो, मग मूल मान पुढे काढून स्कोपला डोळा भिडवते आणि गोळी सुटताच नळीची कड भुवईवर बसते. म्हणून आधी मुलाच्या मापाचा आखूड बट, मग त्यावर जुळणारा स्कोप, असा क्रम असावा.

भाच्याचा आणखी एक समज होता, की गोळी नळीतून निघाल्यावर आधी वर चढते. ती नळीच्या रेषेच्या वर चढत नाही. स्कोप नळीच्या सुमारे ४ सेंटिमीटर वर बसतो, म्हणून नळी त्याच्या दृष्टिरेषेच्या मानाने किंचित वर रोखलेली असते. गोळी नळीच्या रेषेच्या मानाने पहिल्या क्षणापासून खालीच येते. ८०० मीटर प्रतिसेकंद वेगाने १०० मीटर जाईपर्यंत सुमारे ८ सेंटिमीटर. दोन रेषा एकमेकींना छेदतात, एवढेच.

स्कोप विश्वासार्ह आहे की नाही हे पाहण्याची एक चाचणी मी दोघांनाही सांगितली. स्कोपवरच्या, नेम वर-खाली आणि डावी-उजवीकडे जुळवणाऱ्या दोन चक्र्या आतल्या छोट्या नळीला ढकलतात, आणि समोरून एक स्प्रिंग तिला दाबून धरते. स्प्रिंग कमजोर असेल तर चक्री फिरते, पण नळी पूर्ण सरकत नाही. म्हणून लक्ष्य मध्यावर धरून आधी एक गोळी मारावी, मग चक्र्या १० क्लिक वर, १० उजवीकडे, १० खाली आणि १० डावीकडे फिरवावे आणि प्रत्येक टप्प्यावर एकेक गोळी मारावी. चौकोन पूर्ण होऊन शेवटची गोळी पहिल्याच भोकाजवळ पडली तर स्कोप ठीक. भाच्याने ही चाचणी सरावाच्या मैदानावर मोठ्यांच्या देखरेखीत करायची आहे. तसेच दूरचे माणूस की हरीण हे ओळखायला स्कोप डोळ्याला लावायचा नाही, कारण स्कोप जिकडे वळतो तिकडे नळीही वळते. त्यासाठी गळ्यातली दुर्बीण.

शेवटी त्याने विचारले, की आत नायट्रोजन भरलेला असल्यावर थंडीत काच धूसर होणार नाही ना. आतली होणार नाही, कारण तिथे बाष्पच नाही. बाहेरची मात्र त्याच्याच श्वासाने होईल. म्हणून नेत्रभिंगावर श्वास सोडू नको आणि थंडगार स्कोप एकदम गरम गाडीत नेऊ नको, असे सांगून मी फोन ठेवला.