रानडे आणि राजवाडे: शिक्का एक, इतिहास दोन

पेशवाई १८१८ साली बुडाली आणि आठच वर्षांत मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत छापूनही आला. लेखक जेम्स ग्रँट डफ, साताऱ्यात कंपनीचा अधिकारी राहिलेला. जिंकणाऱ्यानेच हरलेल्यांची कहाणी सांगावी, हे पुढच्या शिकलेल्या पिढीला बोचलं. त्या बोचणीतून जे लिहिलं गेलं त्यात न्यायमूर्ती रानडे आणि इतिहासाचार्य राजवाडे ही मोठी नावं. दोघांवर ‘राष्ट्रवादी इतिहासकार’ हा एकच शिक्का मारून आपण मोकळे होतो, आणि घोळ तिथेच होतो.

डफच्या मते मराठी सत्ता सह्याद्रीतल्या वाळल्या गवताला वणवा लागावा तशी भडकली. रानड्यांनी १९०० साली, ‘राइज ऑफ द मराठा पॉवर’ या पुस्तकात, इंग्रजीतच, ते खोडलं. जमीन आधीच तयार होती, म्हणाले. संतांनी जातीजातींतले लोक जवळ आणले, युरोपात धर्मसुधारणेने केलं तसं काम इथे केलं, त्यावर शिवाजी महाराजांनी राज्य उभारलं. काँग्रेसच्या सुरुवातीच्या दिवसांत सर्व जातींनी मिळून घडवलेलं राष्ट्र हे चित्र हवंच होतं. मांडणी देखणी आहे. पण अभंगापासून स्वराज्यापर्यंतची उडी कागदपत्रांनी भरून निघत नाही, असं मला वाटतं.

राजवाड्यांना संतांचं हे श्रेय मुळीच मान्य नव्हतं. वारकरी शिकवणीने लोक निष्क्रिय झाले, खरी जाग रामदासांच्या महाराष्ट्रधर्माने, म्हणजे लोक एकत्र करून धर्म आणि राज्य राखण्याच्या शिकवणीने, आणली, हा त्यांचा हेका. म्हणजे एकाच राष्ट्रासाठी लिहिणाऱ्या दोघांपैकी एकाच्या इतिहासात संत राष्ट्र घडवतात, दुसऱ्याच्या इतिहासात त्याला झोपवतात! राजवाड्यांच्या मतात ब्राह्मणी अभिमान डोकावतो, तो लपवायचं कारण नाही.

तरी राजवाड्यांचा राष्ट्रवाद निष्कर्षाआधी दप्तरांकडे धावला. गावोगाव हिंडून जुन्या घराण्यांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, सोडवायचे, मोडी वाचायची, मराठीत छापायचं. त्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेच्या १८९८ च्या पहिल्या खंडात १७५० ते १७६१ ची पत्रं आहेत, पानिपतापर्यंतची. असे बावीस खंड निघाले. काम किती किचकट, ते एका तारखेवरून कळेल. पत्रात नुसतं ‘छ १२ रबिलावल’ एवढंच असतं, म्हणजे रबिलावल या मुसलमानी महिन्याचा बारावा चंद्र, बारावी तारीख. साल बहुधा नसतंच. मग मजकुरातली माणसं, स्वाऱ्या, मुक्काम ताडून साल बसवायचं, आणि ते चुकलं तर अख्खी मोहीम वर्षभर मागेपुढे. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघालं तेही याच कामासाठी.

रानड्यांचा निष्कर्ष पटला नाही की त्यांच्या पुस्तकात तपासायला फारसं उरत नाही. राजवाड्यांच्या प्रस्तावना आक्रस्ताळ्या असल्या तरी मागे मूळ पत्रं छापलेली आहेत, त्यांच्याच विरुद्ध वापरता येतील अशी. म्हणून रामदासांबद्दलचं त्यांचं मत साफ धुडकावणारा अभ्यासकही पानिपतावर लिहायला बसला की तो पहिला खंड उघडतोच.