ओल्या डेकवरची मलमपट्टी

लासलगावला निघालेल्या कांद्याच्या ट्रॉलीवरची ताडपत्री आवळताना शेतकरी दोरात काठी अडकवतो आणि पीळ देतो. हाताने ओढून ढिलाच राहिलेला दोर चार पिळांत ताठ. सैनिकाच्या खिशातलं टॉर्निकेट हेच करतं: पट्टा, दांडी, पीळ. धमनी दबते, रक्त थांबतं. वर वेळ लिहायची, कारण दोनेक तासांनंतर स्नायू खराब होऊ लागतात.

मार्च 2024 मध्ये आपल्या नौदलाने ‘रुएन’ हे जहाज सोडवलं. किनाऱ्यापासून सुमारे 2,600 किलोमीटरवर, 40 तास चाललेली कारवाई. 35 चाचे शरण आले, 17 खलाशी सुखरूप सुटले. अशा ठिकाणी कोणाला गोळी लागली तर? नाशिकहून पेशंट मुंबईला न्यायचा म्हटलं तरी कसारा घाटात आपला जीव टांगणीला लागतो.

गोळीबार चालू असेल तर आधी आडोसा, मग टॉर्निकेट. बाकी सगळं नंतर. अमेरिकी सैन्यासाठी 1996 मध्ये मांडलेला हा क्रम आता जगभर शिकवला जातो.

समुद्रावर आणखी एक शत्रू असतो, ओल. पाणी हवेच्या सुमारे 25 पट वेगाने उष्णता ओढून नेतं. पाण्यातून बाहेर आलं तरी सुटका नाही. डिसेंबरात रामकुंडातून वर आल्यावर वारा कसा झोंबतो, हे नाशिककरांना सांगायला नको. रक्ताची गुठळी बनवणारी विकरं थंडीत मंदावतात. जखमीचं शरीर 34 अंशांखाली गेलं की रक्त नीट गोठेनासं होतं, रक्त गेलं की शरीर आणखी गार पडतं. म्हणून ओले कपडे सरळ कापून काढायचे, अंग कोरडं करून ब्लँकेटमध्ये गुंडाळायचं. छातीच्या जखमेवरची चिकटपट्टीसुद्धा खारट, ओल्या कातडीवर धरत नाही. आधी पुसावं लागतं.

बराच वेळ पाण्यात राहिलेल्याला वर काढतानाही घाई नडते. बाहेरून पाण्याचा दाब पायांतलं रक्त वर ढकलत असतो. उभंच उचललं की तो दाब सुटतो, रक्त पायांत उतरतं, रक्तदाब कोसळतो. कधी हृदयही थांबतं. म्हणून शक्यतो आडवं उचलतात.

पण जहाजाच्या पोटात, अरुंद झडपेखाली पडलेल्याला आडवं काढणार कसं? तिथे लाकडी पट्ट्या शिवलेलं कॅनव्हास त्याच्याभोवती घट्ट गुंडाळतात आणि दोराने उभंच वर ओढतात.