एज्युकेट टुगेदर आणि कम्युनिटी नॅशनल स्कूल : आयर्लंडमध्ये शाळा शोधताय तर हा फरक बघा

डब्लिनमध्ये मराठी आईबाबा ज्युनिअर इन्फंट्सचं, म्हणजे प्राथमिक शाळेतल्या पहिल्या वर्गाचं ॲडमिशन बघायला लागले की हा प्रश्न हमखास येतो, की एज्युकेट टुगेदर आणि कम्युनिटी नॅशनल या दोन्ही शाळा कॅथलिक नाहीत, दोन्हीत फी नाही, टीचरचा पगार सरकार देतं, अभ्यासक्रमही तोच, मग फरक काय?

त्यासाठी आधी पेट्रन ही भानगड समजून घ्या. पैसा सरकारचा, पण शाळा कुठल्या विचाराने चालणार हे पेट्रन ठरवतो, आणि इथल्या प्राथमिक शाळांपैकी जवळपास ९० टक्के शाळांचा पेट्रन कॅथलिक असतो, बहुतेक ठिकाणी बिशपच.

एज्युकेट टुगेदर पालकांनी उभी केलेली चळवळ आहे. १९७८ मध्ये डब्लिनजवळ डॉकीला पहिली शाळा निघाली, आता नव्वदच्या वर आहेत, आणि पेट्रन म्हणजे ही संस्थाच. तिथे धर्म हा माहितीचा विषय, दिवाळी, ईद, देव न मानणारे, सगळं नीतिमूल्यांच्या तासाला शिकवतात.

कम्युनिटी नॅशनल स्कूल त्या मानाने नवीन, २००८ ची, आणि पेट्रन आहे ईटीबी, म्हणजे सरकारी शिक्षण मंडळ. इथे मुलाने घरची श्रद्धा वर्गात घेऊन यावी, आमच्याकडे गणपती बसतो, आम्ही असं करतो, हे त्याने सांगावं आणि बाकीच्यांनी ऐकावं अशी कल्पना आहे. सुरुवातीला वर्षातले काही आठवडे धर्माप्रमाणे मुलांचे गट पाडायचे, ते लोकांना खटकलं आणि बंद झालं, बरंच झालं. कम्युनियनची, म्हणजे कॅथलिक मुलांच्या एका मोठ्या धार्मिक विधीची तयारी दोन्हीकडे शाळेच्या वेळेबाहेर. आणि हो, दोन्ही सर्वधर्मी आहेत, धर्म अजिबात नको म्हणणाऱ्या नाहीत, इथेही खूप जणांची गल्लत होते.

कॅथलिक शाळेत ऑप्ट आउट, म्हणजे धर्माच्या तासातून मुलाला वगळायची सोय, आहे की, असं कोणीतरी म्हणतंच. राज्यघटनेच्या ४४ व्या कलमात तो हक्क आहे, मान्य, आणि २०१८ च्या कायद्यानंतर बाप्तिस्मा नाही म्हणून कॅथलिक शाळा जागा नाकारू शकत नाही. पण रोजच्या धर्माच्या तासाला तुमचं पोर बहुतेक वेळा त्याच वर्गात बाजूला बसून चित्रं रंगवतं, आणि सेकंड क्लासला सगळा वर्ग महिनोन् महिने कम्युनियनची गाणी बसवत असतो तेव्हा सात-आठ वर्षांच्या मुलाला आपण वेगळे आहोत हे कोणी सांगावं लागत नाही. याला मी तरी निवड म्हणणार नाही.

घरी रोज देवपूजा असेल आणि मुलाला त्याबद्दल बोलायला आवडत असेल तर मला कम्युनिटी नॅशनल जवळची वाटते, घरात कोणीच फारसं मानत नसेल तर एज्युकेट टुगेदर. अर्थात दोन्ही जवळ असतील तर! २०३० पर्यंत सर्वधर्मी शाळा ४०० करायचं सरकारचं टार्गेट आहे, पण असलेली शाळा नव्या पेट्रनकडे द्यायची तर बिशप आणि गावातले पालक दोघांचं जमावं लागतं, आणि लहान गावात मुळात शाळाच एक असते.