हात न धुता बसायचं: एडना फोआ आणि मंत्रचळावरचा उपचार

इंदूर स्वच्छ शहरांच्या यादीत पहिलं येऊ लागलं तेव्हापासून आपल्याकडे एक वाक्य वरचेवर कानावर पडतं: "आम्हाला बुवा स्वच्छतेची ओसीडी आहे." कचरागाडीचं गाणं ऐकू आलं की ओला-सुका कचरा वेगळा करून दारात जाणं ही सवय आहे, आणि चांगली सवय आहे. तिला ओसीडी (ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर: नको असलेले विचार आणि ते शमवायला पुन्हा पुन्हा कराव्या लागणाऱ्या कृती) म्हणू नये. ज्या मुलीला खरोखर ओसीडी आहे तिला कचरागाडी गल्लीत आली एवढंच पुरतं. दाराची कडी, कडीला लागलेला हात, हात लागलेली ओढणी, ओढणी पडलेला पलंग हे सगळं तिच्या हिशेबात बाटलं, आणि ते पूर्ववत करायला तिला दोन तास लागतात. त्या दोन तासांत स्वच्छतेचं समाधान कुठेच नसतं. हाताची सालपटं निघतात, टाकी रिकामी होते आणि संध्याकाळी पुन्हा तेच.

मराठीत या आजाराला मंत्रचळ म्हणतात. जुनी समजूत अशी की मंत्रसाधनेत चूक झाली की माणसाचं डोकं फिरतं. शब्द आपलाच आहे, तो राहू द्यावा. समजूत मात्र सोडून द्यावी. शंभरात एक-दोघांना आयुष्यात कधी ना कधी होणारा हा आजार आहे आणि त्यावर औषधांइतकाच, काही चाचण्यांत त्याहून जास्त, परिणामकारक ठरलेला बोलण्या-करण्याचा उपचार आहे: भीतीच्या गोष्टीला सामोरं जायचं आणि नंतरचं कर्मकांड करायचं नाही (इंग्रजीत एक्सपोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन). तो आज ज्या रूपात दिला जातो, त्या रूपात तो आणण्यात सर्वांत मोठा वाटा असलेल्या व्यक्तींपैकी एक म्हणजे मानसशास्त्रज्ञ एडना फोआ.

फोआ यांचा जन्म 1937 सालचा, आजच्या इस्रायलमधल्या हैफा शहरातला. 1962 मध्ये बार-इलान विद्यापीठाची पदवी, मग अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात क्लिनिकल सायकॉलॉजीत एम.ए. आणि 1970 मध्ये मिसुरी विद्यापीठाची पीएच.डी. त्यानंतर त्या फिलाडेल्फियाच्या टेम्पल विद्यापीठात मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांच्याकडे शिकायला गेल्या. वोल्पे मूळचे दक्षिण आफ्रिकेचे. रुग्णाला आधी शरीर सैल सोडायला शिकवायचं, मग भीतीची गोष्ट अगदी थोडी थोडी कल्पनेत आणायची, ही त्यांची पद्धत. विशिष्ट वस्तूंच्या भीतीवर ती चालायची. मंत्रचळावर तिचा फारसा उपयोग होत नव्हता.

वाट दुसरीकडून निघाली. लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी 1966 मध्ये दोन रुग्णांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. रुग्णाला भीती वाटते त्या वस्तू हाताळायला लावायच्या आणि नंतर धुण्याचं कर्मकांड करूच द्यायचं नाही. एका रुग्णाच्या खोलीतलं पाणी चक्क बंद ठेवलं होतं आणि परिचारिका सोबत असत. 1974 पर्यंत त्यांचे पंधरा रुग्ण झाले, त्यातले दहा खूप सुधारले किंवा बरे झाले. ज्या आजाराला तोवर जवळपास असाध्य मानत, त्याच्यासाठी हा आकडा मोठा होता. पण यातलं नेमकं काय काम करतं? वस्तूला हात लावणं की हात न धुणं? हा प्रश्न फोआ यांनी धरून ठेवला, आणि मला त्यांच्या सगळ्या कारकिर्दीत हाच भाग सर्वांत देखणा वाटतो.

आधी आजाराचं चक्र पाहू. मनात नको असलेला विचार येतो: हात बाटले, आता आजार होईल. अस्वस्थता चढते. हात धुतले की ती झटकन उतरते. ही झटपट सुटका म्हणजेच धुण्याला मिळालेलं बक्षीस. मेंदू दोन गोष्टी शिकतो. एक, धुतल्यामुळे वाचलो. दुसरी जास्त घातक: धुतलं नसतं तर अस्वस्थता चढतच गेली असती. हे दुसरं अनुमान चुकीचं आहे, पण ते तपासायची संधी रुग्णाला कधी मिळतच नाही, कारण प्रत्येक वेळी तो नळाकडे आधीच पोचलेला असतो. वस्तूला हात लावून नुसतं बसून राहिलं तर बहुतेकांची अस्वस्थता तास-दीड तासात आपोआप खाली येते.

1984 मध्ये फोआ, गेल स्टेकेटी आणि सहकाऱ्यांनी धुण्याचं कर्मकांड असलेल्या रुग्णांचे तीन गट केले. पहिल्याने भीतीच्या वस्तूंना सामोरं जायचं, धुण्यावर बंधन नाही. दुसऱ्याने धुवायचं नाही, पण मुद्दाम कशाला हात लावायची सक्ती नाही. तिसऱ्याने दोन्ही करायचं. पहिल्या गटाची घाणीबद्दलची भीती जास्त कमी झाली. दुसऱ्या गटाचं धुणं जास्त कमी झालं. तिसऱ्या गटाचं दोन्ही, आणि सर्वांत जास्त. म्हणजे हे एकाच औषधाचे दोन डोस नाहीत. एक घटक भीतीवर काम करतो, दुसरा कृतीवर, आणि एकाला वगळलं की त्याच्या वाट्याचा आजार मागे राहतो. उपचाराचे असे सुटे भाग करून मोजल्यामुळेच हे कळलं.

पुढे 1986 मध्ये मायकेल कोझाक यांच्याबरोबर त्यांनी यामागचा सिद्धांत मांडला. भीती स्मृतीत जाळ्यासारखी साठवलेली असते. त्यात तीन प्रकारच्या गाठी: वस्तू (बसची दांडी), शरीराची प्रतिक्रिया (छातीत धडधड, पळ काढणं) आणि अर्थ (म्हणजे मी आजार घरी नेणार). हे जाळं बदलायला दोन अटी. आधी ते जागं व्हायला हवं. शांत बसून केलेल्या चर्चेत ते झोपलेलंच असतं, म्हणून नुसत्या समजावण्याने काही होत नाही. आणि ते जागं असतानाच त्यात न बसणारी माहिती आत जायला हवी: दांडी धरली, धुतलं नाही, धडधड आपोआप थांबली आणि कोणीही आजारी पडलं नाही.

इथे एक दुरुस्ती आवश्यक आहे. सुरुवातीला समजूत होती की बैठकीतच भीती उतरली तर उपचार लागू पडला. नंतरच्या पुराव्यात हे टिकलं नाही, आणि 2006 मध्ये फोआ व सहकाऱ्यांनी स्वतःच सिद्धांतात बदल केला. आता चित्र असं आहे: जुनी भीती पुसली जात नाही. तिच्या शेजारी नवी स्मृती तयार होते, "दांडी म्हणजे धोका नाही" अशी, आणि पुढच्या वेळी दोघींत चुरस लागते. नवी स्मृती जिथे शिकली त्या जागेला चिकटून राहते. म्हणून दवाखान्यात जमलं आणि घरी आल्यावर पुन्हा सुरू झालं, असं होतं. उपाय सरळ आहे: तीच गोष्ट दवाखान्यात, घरी, सिटी बसमध्ये, मावशीकडे, थकलेलं असताना, एकटं असताना, अशी वेगवेगळ्या ठिकाणी करायची.

प्रत्यक्षात हे कसं करतात? इंदूरच्या रामबागेत राहणारी एखादी कॉलेजची विद्यार्थिनी डोळ्यांपुढे आणा. पहिल्या दोन-तीन बैठका नुसती माहिती घेण्यात जातात. मग दहा-पंधरा पायऱ्यांची शिडी बनते आणि प्रत्येक पायरीला शून्य ते शंभर असा अस्वस्थतेचा आकडा. फाटकाची कडी 35. सिटी बसची दांडी 50. सराफ्यात सुट्टे म्हणून मिळालेल्या नोटा 55. स्वतःच्या चपलेचा तळ 70. संडासाच्या दाराची मूठ 80. तोच हात उशीला आणि आईच्या साडीला लावणं 95. सुरुवात 40-50 च्या आसपास करायची. त्याखाली जाळं जागं होत नाही, आणि एकदम 90 वर नेलं तर माणूस परत येत नाही. बैठक दीड-दोन तासांची, शक्य तर आठवड्यातून अनेकदा, आणि घरी रोज तेच.

धुण्याचे नियम आधीच लिहून ठरवतात. जुन्या पद्धतीत ते फार कडक होते. आता साधारणपणे दिवसातून एक अंघोळ, घड्याळ लावून दहा मिनिटं, आणि अंघोळ झाल्याबरोबर त्या दिवसाच्या पायरीला पुन्हा हात. ही शेवटची गोष्ट गाळली तर अंघोळच नवं शुद्धीकरण होऊन बसते.

बिघडतं कुठे, हे सांगणं जास्त उपयोगाचं. रुग्ण एका बोटाने स्पर्श करतो आणि दुसरा हात "चांगला" राखतो. नळ बंद असतो पण मनात जप चालू असतो. हा मनातला विधी बाहेरून दिसत नाही, विचारावाच लागतो. मोबाइलमध्ये लक्ष गुंतवलं की जाळं जागंच होत नाही. अस्वस्थता शिखरावर असताना बैठक संपवली आणि रुग्ण थेट नळाकडे गेला, तर सुटकेचं बक्षीस सगळ्यांत मोठं मिळतं. शिडी 80 वर सोडून दिली तर "ती एक जागा मात्र खरोखरच धोक्याची" हा विश्वास शाबूत राहतो आणि तिथूनच आजार परत पसरतो.

आणि घरचे. "आई, मी नीट धुतलं ना?" याला प्रेमाने दिलेलं "हो गं बाळा" हेसुद्धा साबणाचंच काम करतं. उत्तर ऐकून दोन मिनिटं बरं वाटतं आणि प्रश्न अधिक पक्का होतो. दृष्ट काढणं, उतारा, अंगठीतला खडा यांचंही तसंच. ते निरुपद्रवी आहेत, करून पाहायला काय हरकत, असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं: मंत्रचळात क्षणभराची सुटका देणारी कोणतीही गोष्ट त्या चक्राला आणखी एक फेरा देते. "एका बैठकीत भीती मुळापासून" अशा जाहिरातींवरही विश्वास ठेवू नये; मुळापासून काढायचं असं काही नसतंच, हे वर आलं आहे.

फोआ यांच्या 2005 च्या चाचणीत 122 रुग्ण होते, कालावधी बारा आठवडे. उपचार सुरू केलेल्यांपैकी लक्षणीय सुधारलेले: हा उपचार घेणारे 62 टक्के, क्लोमिप्रामिन हे औषध घेणारे 42, दोन्ही घेणारे 70, निष्क्रिय गोळीवरचे 8. उपचार पूर्ण केलेल्यांतच मोजलं तर पहिला आकडा 86 होतो. 62 आणि 86 यांतल्या अंतरात मधेच सोडून गेलेले लोक आहेत, आणि हीच या पद्धतीची खरी अडचण आहे. औषधं कुचकामी आहेत असा याचा अर्थ मुळीच नाही. चालू असलेली गोळी स्वतःहून थांबवू नये.

बलात्कारातून वाचलेल्या स्त्रियांसाठी फोआ यांनी हेच तत्त्व त्या घटनेच्या आठवणींना लावलं. 1991 मध्ये त्याची पहिली तुलनात्मक चाचणी आली. नव्वद मिनिटांच्या आठ ते पंधरा बैठका; डोळे मिटून घटना वर्तमानकाळात पुन्हा पुन्हा सांगायची, ध्वनिमुद्रण रोज घरी ऐकायचं. अमेरिकेत युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या उपचारातही ही पद्धत आली आणि 2010 मध्ये 'टाइम' साप्ताहिकाने फोआ यांना जगातल्या शंभर प्रभावी व्यक्तींत गणलं. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

इंदुरात चौकशीची सुरुवात बाणगंगेच्या शासकीय मानसिक रुग्णालयातून करता येते, किंवा 14416 या टेलिमानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनी) निःशुल्क क्रमांकावरून. खाजगी क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जाताना भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी विचारावी. मग विचारावं की बैठकीत प्रत्यक्ष वस्तूंना हात लावायला लावता का, आणि घरच्यांना एखाद्या बैठकीला बोलावता का. दोन्हींचं उत्तर "नाही, आपण बोलून मोकळं होऊ" असं आलं, तर तिथे मिळणारा उपचार आणखी काहीही असेल, हा नसेल.